पाण्याची ओढ

कोल्हापुरात पोहायला शिकलेल्या माणसाला प्रवाह म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेलं पोर दोन-चार उन्हाळ्यांत पंचगंगेच्या घाटावर येतं. पावसानं नदी चढली की काठावरची जाणती माणसं ओरडून सांगतात, "सरळ पलीकडं धरू नकोस, तिरकं जा." पोरगं चार हात मारून बघतं, जागच्या जागी राहतं, दमतं आणि मग त्याला कळतं. नदीच्या अंगानं जायचं. ज्या पायरीवर डोळा ठेवून निघालो ती मागं राहणार हे आधीच मान्य करायचं आणि शंभर-दोनशे पावलं खाली काठाला लागायचं.

ड्रिफ्ट डायव्हिंगचं सूत्र हेच. पाठीवर हवेची टाकी घेऊन प्रवाळांच्या रांगेवर उतरायचं आणि पुढचं अंतर पाण्यानं कापायचं. पाणबुड्यानं उंची सांभाळायची, श्वास सांभाळायचा, सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. बोट नांगर न टाकता वरून मागे मागे येते आणि जिथं माणसं वर येतील तिथून त्यांना उचलते. निघाल्या जागी परत येणं यात नसतंच.

गेल्या पंधराएक वर्षांत कोल्हापूरकरांना समुद्राखालचं जग दिसलं ते मालवणमुळे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. शनिवारी पहाटे निघालेली गाडी नाष्ट्याला मालवणात असते. "स्कूबा केलं" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत ते दहा-पंधरा मिनिटांचं, पाच-सहा मीटरांवरचं, गाइडनं टाकीला धरून फिरवलेलं दर्शन असतं. त्याला मी कमी लेखत नाही. माझीही सुरुवात तिथंच झाली. पण त्यातली थोडी मंडळी पुढं रीतसर कोर्स करतात, अंदमानला किंवा मालदीवला जातात, तिथं पहिल्यांदा वाहत्या पाण्यात रीफवरून तरंगत जातात आणि परत आल्यावर एकच प्रश्न विचारतात: हे आपल्या किनाऱ्यावर कुठं करता येईल?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहे का, पाण्याला ओढ किती आहे, ती केव्हा असते, बोटी आणि माणसं त्यासाठी तयार आहेत का, आणि ज्या प्रवाळांवरून जायचं त्यांना ते सोसणार आहे का. या सगळ्याचा विचार करता माझं मत असं झालं आहे की आपल्याकडे जागा आहेत, मोजक्या आहेत, पण आपण पायऱ्या उलट्या क्रमानं चढतो आहोत.

आधी पाण्याचं बळ समजून घेऊ. समुद्रात वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. रस्त्यावर हा वेग रमतगमत चालणाऱ्याचाही नाही. पण पाण्यात अंगावर येणारा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. प्रवाह १ नॉटचा २ नॉट झाला की जोर चौपट होतो. पायात फिन्स असलेला धडधाकट माणूस १ नॉटच्या समोर काही मिनिटं टिकतो, नंतर त्याचा श्वास फुलतो. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही तिप्पट खर्ची पडते. तिथं धापा टाकणं म्हणजे डाइव्ह संपवणं. उलट त्याच १ नॉटच्या अंगानं गेलं तर ४० मिनिटांत सव्वा किलोमीटरच्या आसपास अंतर फुकट कापून होतं. अंबाबाईच्या देवळापासून रंकाळ्यापर्यंत जावं जवळजवळ तेवढं. ऑलिंपिकपर्यंत गेलेला आणि २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक आणणारा आपला वीरधवल खाडे ज्या ताकदीनं पाणी मागे टाकतो, ती ताकद इथं कामाची नाही. इथं हातपाय जितके शांत तितका माणूस तयारीचा.

तळालगत मात्र हा वेग कमी होतो. खडक, प्रवाळांचे गोळे, कपारी पाण्याला अडवतात, त्यामुळे रीफच्या अंगालगत पाण्याचा एक मंद थर राहतो. जाणता पाणबुड्या या थरात खाली-वर होऊन स्वतःचा वेग ठरवतो. मोठ्या खडकाच्या मागे पाणी गोल फिरतं. तिथं क्षणभर थांबता येतं, नदीत पुलाच्या खांबामागे थांबतात तसं. आणि रीफची कड संपून खोल दरी सुरू होते तिथं पाणी कधी कधी सरळ खाली ओढतं. अशा वेळी घाबरून वर पाय मारणारा दमून जातो. भिंतीपासून बाजूला, मोकळ्या पाण्याकडे सरकणारा सुटतो. पुन्हा तेच, तिरकं जा.

आता प्रवाळाची बाजू. आपण ज्याला ओढ म्हणतो ती प्रवाळाच्या दृष्टीनं जेवणाची थाळी आहे. प्रवाळ हा दगडासारखा दिसणारा पण हजारो इवल्या जिवांनी मिळून केलेला संसार. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. उरलेली भूक प्रवाळ स्वतःचे बारीक हात पसरून, वाहत येणारे तरंगते जीव पकडून भागवतो. तो जागचा हलू शकत नाही. प्राणवायू आणायचा, मळ न्यायचा, अंगावर बसलेला गाळ झाडायचा, ही सगळी कामं पाणी वाहतं म्हणून होतात. पाणी थांबलं तर प्रवाळ घरात कोंडल्यासारखा होतो.

ही नुसती उपमा नाही. १९९८मध्ये जगभर समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा जपानच्या ओकिनावा भागात काम करणाऱ्या नाकामुरा आणि व्हॅन वोसिक या संशोधकांनी एक गोष्ट तपासली. ज्या प्रवाळांवरून पाणी जोरात वाहत होतं ते तगले आणि संथ पाण्यातले जास्त मेले, असं का? २००१मध्ये त्यांनी मांडलं की वाहतं पाणी प्रवाळाच्या अंगात साचणारे घातक पदार्थ लवकर बाहेर नेतं. त्यानंतर २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ असे तडाखे बसले. २०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं चौथी जागतिक प्रवाळ-विरंजनाची लाट जाहीर केली. अशा काळात प्रवाहातल्या रीफची किंमत वाढते. ज्या जागा ड्रिफ्ट डाइव्हसाठी उत्तम, त्याच जागा प्रवाळांच्या शेवटच्या आधाराच्या असू शकतात. म्हणून मला हा विषय नुसत्या खेळाचा वाटत नाही.

मालदीवमध्ये एका कांडूच्या तोंडाशी मी हे डोळ्यांनी पाहिलं. कांडू म्हणजे तिथल्या कंकणाकृती बेटांच्या रांगेतली खिंड. बाहेरचा समुद्र तिच्यातून आत घुसतो. अशा बेटरांगेला जगभर अटॉल म्हणतात, तो शब्दही मुळात तिथल्या धिवेही भाषेतला. आम्ही खिंडीच्या उंबऱ्यावर, मेलेल्या खडकाच्या खोबणीत छोटी आकडी अडकवून दोरीच्या टोकाला पतंगासारखे थांबलो होतो. मान वळवली की पाण्याच्या झोतानं मास्क थरथरायचा. समोर शेकडो मासे, आणि एकूण एक मासा प्रवाहाकडे तोंड करून. कुणी पुढं जात नव्हतं, कुणी मागं येत नव्हतं. लहान मासे खडकापासून हातभर अंतरावर, मोठे त्यांच्या बाहेर, आणि सगळ्यांच्या पलीकडे निळ्या धूसरात राखी मोऱ्या, म्हणजे शार्क, शेपटी अगदी बेताची हलवत उभ्या. माझ्या गुडघ्याशी मऊ प्रवाळाचं एक झुडूप होतं. प्रवाह चढताना ते फुगून जांभळं दिसत होतं, त्याच्या फांद्या-फांद्यांवर पांढरे ठिपके उमललेले. वीस मिनिटांनी पाण्याचा जोर उतरला तसं ते माझ्यासमोर हळूहळू आखडत गेलं. पंगत उठली होती.

मालदीवच्या पाण्याचं गणितही आपल्याला परकं नाही, कारण ते मोसमी वाऱ्यांचं आहे. ईशान्येचे वारे असताना, साधारण जानेवारी ते एप्रिल, समुद्र पूर्वेकडून बेटांत शिरतो. पूर्वेच्या खिंडींत पाणी नितळ असतं. नैर्ऋत्य मोसमात दिशा उलटते. तिथले डाइव्ह मास्टर रोज सकाळी आधी पाण्यात उडी मारून ओढ कुठल्या बाजूला आहे ते बघतात आणि मग जागा ठरवतात. अंदमानात, हॅवलॉकच्या म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाच्या आसपासच्या खोल जागांवर भरती-ओहोटी प्रवाह ठरवते. मेक्सिकोतल्या कोझुमेलला तर समुद्राचा मोठा प्रवाहच बेटालगतच्या रीफवरून उत्तरेकडे जातो, म्हणून तिथं जवळपास प्रत्येक डाइव्ह ड्रिफ्टच असते.

आता आपला किनारा. महाराष्ट्राला प्रवाळ आहे ही गोष्टच आपल्या अभ्यासकांनी उशिरा नोंदवली. गोव्याच्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. त्या संस्थेचे एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९मध्ये पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ सापडल्याची नोंद प्रसिद्ध केली, त्यात मालवण होतं. हेच कासिम दोन वर्षांनी भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते झाले. १९८१मध्ये ए. एच. परुळेकर यांनी मालवणच्या सागरी जीवांवर लिहिलं. त्यानंतर १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं: क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. मच्छीमारांना विश्वासात न घेता रेषा ओढल्या गेल्या असं स्थानिकांचं म्हणणं होतं आणि विरोध वर्षानुवर्षं टिकला. २००१पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण, ते कागदावर प्रवाळालाही.

मालवणचा प्रवाळ मालदीवसारखा फुललेला नाही. इथं गोलसर, जाड, सोशीक जाती तगतात, कारण दर पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या गाळ आणतात. गगनबावड्याच्या कड्यावर पडलेला पाऊस पूर्वेला घरंगळला तर कुंभीतून पंचगंगेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला घरंगळलेला काही तासांत खाडीत आणि अरबी समुद्रात. थोडं दक्षिणेला गड नदी आणि कर्ली मालवणच्या दोन्ही अंगांना समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखावरची कांदळवनं गाळ धरून ठेवतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. लीला भोसले यांनी महाराष्ट्राच्या कांदळवनांवर आयुष्यभर काम केलं. पाण्याखाली काय दिसेल याचा विचार करताना किनाऱ्यावरच्या त्या झाडांना विसरून चालत नाही.

किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात पेल्यासारख्या आकाराच्या टर्बिनेरिया प्रवाळाकडे मी एकदा बराच वेळ बघत बसलो होतो. पेल्याच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ बसला होता. प्रवाळानं अंगातून चिकट पातळ पापुद्रा सोडून त्या गाळाची गुठळी केली होती आणि ती गुठळी कडेकडेला सरकत होती. ते सरकणं बघायलाही धीर लागत होता. तेवढ्यात शेजारून एक जोडी गेली. हौशी पाहुणा उभ्यानं पाय झाडत होता, गाइड एका हातानं टाकी धरून दुसऱ्या हातानं पावाचा चुरा सोडत होता, आणि माशांचा घोळका व्हिडिओत नीट यावा म्हणून दोघंही तिथंच थांबले. फिन्सनं उडालेला गाळ धुरासारखा वर आला. ओढ अजिबात नसल्यामुळे तो कुठं गेला नाही; सगळा त्याच पेल्यात परत बसला. ते कुणाच्या बोटीचे होते याला महत्त्व नाही. दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं आणि त्या दिवशी तिथं अशा जोड्या बऱ्याच होत्या.

ड्रिफ्ट डायव्हिंगची बाजू घेणारे म्हणतात की यात नांगर पडत नाही, माणूस एका जागी घुटमळत नाही, पाय मारावे लागत नाहीत, म्हणून रीफला इजा कमी. हे खरं आहे, पण ज्याला पाण्यात अधांतरी राहता येतं त्याच्यापुरतंच. ज्याला येत नाही तो वाहत्या पाण्यात समोर येईल ते धरतो, आणि समोर येतो तो प्रवाळ. एक नॉटच्या वेगात धरलेली फांदी हातात येते. ती वाढायला कित्येक वर्षं गेलेली असतात.

म्हणून किल्ल्याजवळच्या पाच-सहा मीटरांवर ड्रिफ्टचा विचारच नको. तिथं जागा अरुंद, खडक उघडे, वर बोटींची वर्दळ आणि पाणी बऱ्याचदा गढूळ. ती जागा नवख्यांनी तरंगायला शिकण्याची आहे, आणि ते शिकवण्याची सोयही जिल्ह्यात आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र २०१५च्या सुमारास सुरू झालं; सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं त्यामागं मोठं काम आहे. मालवण-देवबागची कोळ्या-गाबतांची मुलं तिथं शिकून गाइड झाली. कोल्हापूरकरानं तीच ती पंधरा मिनिटांची फेरी पाचव्यांदा करण्यापेक्षा तेवढे पैसे आणि चार दिवस या शिक्षणाला द्यावेत, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

ड्रिफ्टच्या कामाची पहिली खरी जागा म्हणजे निवती आणि वेंगुर्ल्याच्या समोरचे खडक, ज्यांना सगळे निवती रॉक म्हणतात. दीपगृह असलेला हा खडकांचा समूह किनाऱ्यापासून दूर असल्यामुळे पाणी मालवणपेक्षा नितळ, खोली जास्त आणि ओढही जास्त. खडकांच्या मधल्या फटींतून पाणी रेटून जातं. कडेला हेकरू आणि तांबोशी दिसतात, कपारीत शेवंडीच्या मिश्या. याच भागात नौदलातून जानेवारी २०२४मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही सुमारे ८० मीटर लांबीची नौका समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करण्याची योजना आली. माझा तिला पाठिंबा आहे. पोलादाला धरलं तर पोलादाचं काही जात नाही. नवशिक्यांचा भार नैसर्गिक प्रवाळावरून उतरायला यासारखा उपाय नाही. पण उभ्या जहाजाभोवती प्रवाह दुभंगतो, कडांना वेग घेतो, मागे भोवरे करतो. तिथं पंधरा मिनिटांच्या फेरीची पद्धत जशीच्या तशी नेली तर अनर्थ ओढवेल.

आणि मग आंग्रिया. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेलं पठार: उत्तर-दक्षिण ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद. नाव सरखेल कान्होजी आंग्र्यांचं. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी काचेसारखं, आणि प्रवाळही किनाऱ्यावर दिसत नाही असा. महाराष्ट्रातून ज्याला उष्ण समुद्रातली, मोकळ्या प्रवाहातली रीफ म्हणावं ती हीच. प्रत्येक डायव्हरच्या मनात ती असते, माझ्याही आहे.

पण तिचा उथळातला उथळ माथा २० मीटरवर आहे. पहिला, ओपन वॉटरचा कोर्स केलेल्या माणसाची मर्यादा १८ मीटरची. म्हणजे आंग्रियावरची सोप्यातली सोपी जागासुद्धा त्याच्या शिक्षणापलीकडची. वर आसऱ्याला बेट नाही, खडक नाही, दीपगृह नाही. दोरी सुटली आणि बोटीची नजर चुकली तर पुढं अरबी समुद्रच. सागरी प्रवाहही तिथं थेट लागतो. आपल्या किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. भरती-ओहोटीची ओढ त्याच्यात मिसळते. कायद्याचीही अडचण आहे. प्रादेशिक सागरी हद्द १२ सागरी मैलांची, आंग्रिया पन्नासहून अधिक मैलांवर. अभयारण्याचे नेहमीचे नियम तिथं सरळ लागू करता येत नाहीत, म्हणून १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली तिला वेगळं संरक्षण द्यावं हा प्रस्ताव पुढं आला. माझ्या मते ते संरक्षण आधी यावं, पर्यटन मागून, आणि तोवर तिथं जायचं ते अभ्यासकांनी. मनातून जायची इच्छा असूनही हेच म्हणावंसं वाटतं.

या सगळ्यात ज्याच्याकडे सर्वात कमी लक्ष जातं ती म्हणजे बोट. पाण्याखालच्या साधनांवर आपण तासन्‌तास बोलतो आणि वर कोण बसलं आहे ते विचारत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन जीव गेले. ती माणसं पाण्याखालून सुखरूप वर आली होती. ड्रिफ्टमध्ये तर बोटीवरचा माणूस हा डाइव्हचा अर्धा भाग असतो. इंजिन बंद करून गप्पा मारत बसलेला चालक चालत नाही. डायव्हरनं खालून सोडलेला लांबोडा नारिंगी फुगा लाटांत उभा राहिला की त्यानं तो ओळखला पाहिजे आणि माणसं चढताना पंखा थांबवला पाहिजे. खालच्यांनी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून शरीरातला नायट्रोजन सुटू द्यायचा असतो; त्या तीन मिनिटांतही ओढ त्यांना नेतच असते. फुगा सोडायला न शिकलेल्या माणसानं वाहत्या पाण्यात उतरू नये. प्रत्येकाकडे स्वतःचा फुगा, शिटी, आणि उतरण्यापूर्वी चालकासोबत बोलणं: कुठं टाकणार, किती मिनिटांनी, साधारण कुठं वर येणार, एक जण हरवला तर किती वेळ शोधून सगळ्यांनी वर यायचं. ड्रिफ्टचा स्वतंत्र कोर्स दोन डाइव्हचाच असतो. त्यातलं अर्धं शिक्षण हेच आहे.

बोटीवरच्या या विद्येत आपल्या किनाऱ्याची बरोबरी करणं अवघड आहे, असं मला मनापासून वाटतं. परदेशी केंद्रात भिंतीवर भरतीचा तक्ता लावलेला असतो. इथल्या तांडेलाकडे तिथी असते. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे पुढंमागं होतो, पण चुकून मोठी चूक करत नाही. पुनव-अवसेला उधाणाची भरती, पाणी खूप चढणार आणि खूप उतरणार, म्हणजे ओढ जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ओढ मवाळ. मुंबईला उधाणात चढ-उतार चार-साडेचार मीटरांचा असतो, मालवणाकडे दोन मीटरच्या आसपास. म्हणून इथलं पाणी शिकायला बरं. निवती रॉकवर पहिली ड्रिफ्ट करणाऱ्यानं अष्टमीचा आठवडा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधलं नितळ पाणी धरावं. भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या वेळेला उतरावं आणि ओहोटीची ओढ हळूहळू लागत जाईल तशी तिच्यासोबत जावं. पुनवेला येऊन थरार शोधू नये.

मागच्या हिवाळ्यात आम्ही कोल्हापूरचे चौघे तसाच दिवस बघून गेलो होतो. तिथी बरोबर, वारा पडलेला, टाक्या भरलेल्या. खडकांच्या अलीकडे तांडेलानं इंजिन मंद केलं आणि मासेमारीच्या एका जाळ्याच्या बोयाकडे बघत राहिला. बोया कलला होता, त्याच्या एका अंगाला पाण्याची बारीक शेपटी उठली होती. त्यानं डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून पाण्यात टाकला. तुकडा बोटीच्या नाळेपासून निघाला आणि आम्ही सात मोजायच्या आत मागच्या टोकाला पोचून पुढं गेला. आमच्यातल्या दोघांची ही पहिलीच ड्रिफ्ट होती. त्यांनी अंगात जॅकेट चढवलेलं होतं. तांडेल त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आज पाण्याक ओढ आसा. फाल्यां येवा."

आम्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद केले. निवतीच्या किनाऱ्यावर उतरून चहा घेतला, दुसऱ्या दिवसाची तिथी पुन्हा एकदा बोटांवर मोजली आणि राहायला खोली शोधायला लागलो.